१ मेची जोडसुट्टी: गच्ची, मळा, भंडारदरा की सापुतारा?

यंदा, म्हणजे २०२६ मध्ये, १ मे शुक्रवारी आला आहे. महाराष्ट्र दिन, कामगार दिन आणि बुद्धपौर्णिमा एकाच तारखेला. कॅलेंडरातली एक सुट्टी त्यात बुडाली म्हणून हळहळणारे हळहळतील, पण शुक्रवार-शनिवार-रविवार असा सलग तुकडा हाती लागतोय हेही खरं. मुलांच्या परीक्षा आटोपलेल्या, उन्हाळा ऐन भरात आणि मुंबई-पुण्याचे पाहुणे ‘आम्ही येऊ का?’ विचारायला लागलेले. मग घराघरांत तोच वाद: नाशकातच काहीतरी करायचं, मळ्यावर जायचं, की गाडी काढून भंडारदरा नाहीतर सापुतारा गाठायचं?

ठिकाणांकडे येतेच. त्याआधी एक काम करा. जे येणार आहेत त्यांच्या सुट्ट्या एका कागदावर मांडा. बेत बहुतेक वेळा ठिकाणावरून मोडत नाही, सुट्ट्यांवरून मोडतो.

आधी सुट्ट्या जुळवा

सातपूर-अंबडकडे साप्ताहिक सुट्टी शनिवारी असणारे कारखाने भरपूर आहेत. तिथल्या माणसाला शुक्रवार-शनिवार मिळतो, रविवारी मात्र सकाळी कंपनीची बस पकडायची असते. राज्य सरकारच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा, त्यामुळे त्यांचे तिन्ही दिवस मोकळे. बँकेतल्याला दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा, आणि २ मे पडतोय पहिला शनिवार. म्हणजे त्याला शुक्रवार मिळाला, रविवार मिळाला, मधला दिवस कामाचा. दुकानदाराचं तर विचारूच नका. १७ मेपासून अधिक महिना लागतोय, त्यामुळे ज्यांना लग्न उरकायचंय ते त्याच्या आतच उरकणार. कापड, भांडी, सोनं, मिठाई यांपैकी कशातही असलेला माणूस त्या तीन दिवसांत गल्ला सोडून हलणार नाही.

आता हे एकाच कुटुंबात बसवून बघा. मोठे दीर कारखान्यात, नणंदेचे यजमान बँकेत, धाकटा भाऊ आयटीत. तिघांना सामाईक सुट्टी किती? फक्त शुक्रवार. आणि तिकडे व्हॉट्सॲपवर कोणीतरी दोन रात्रींच्या रिसॉर्टचे फोटो टाकत असतं. दीरांनी मग शनिवारी रात्री एकट्याने एसटीने परत यायचं, नाहीतर रजा टाकायची. सुट्टीसाठी रजा टाकायची वेळ आली की त्या सुट्टीची मजा तिथेच अर्धी होते.

शुक्रवारही सगळ्यांचा असतोच असं नाही. दुकानं आणि आस्थापनांसाठीच्या २०१७च्या राज्याच्या कायद्यात आठ भरपगारी सणसुट्ट्या आहेत. त्यांतल्या चार तारखा ठरलेल्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. त्या दिवशी कामावर बोलावलं तर दुप्पट पगार आणि वर बदली सुट्टी, असं त्यात स्पष्ट आहे. कागदावर छानच आहे. पण ठेकेदाराकडे असलेल्या पोरांना ‘आलास तर हजेरी, नाही आलास तर खाडा’ हाच नियम माहीत असतो, आणि दुप्पट मिळणार असेल तर ज्याच्यावर घराचा हप्ता आहे तो १ मेलाही सेकंड शिफ्ट करतोच. असा एक जण तुमच्या गोतावळ्यात असेल तर त्याला गृहीत धरून बेत करा. ‘तू नंतर ये’ म्हणायचं आणि तो येईपर्यंत पातेलं खरवडून ठेवायचं, असं नको.

दुसरा कागद स्वयंपाकघराचा. १८८६ साली शिकागोचे कामगार रस्त्यावर उतरले ते आठ तासांच्या दिवसासाठी. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांसाठी झगडून रविवारची सुट्टी मिळवली ती १० जून १८९०ला. त्या कामगार दिनाच्या सुट्टीत घरातल्या बाईचा गॅस मात्र सकाळी सहाला पेटतो आणि रात्री अकराला विझतो, कारण ‘सगळे घरी आहेत’. म्हणून प्रत्येक पर्यायाला मी दोनच प्रश्न विचारलेत: कोणाकोणाला येता येईल? आणि त्या दिवशी राबणार कोण? निसर्गरम्य वगैरे नंतर.

घरची गच्ची

सगळ्यांना येता येईल असा हा एकमेव पर्याय. सेकंड शिफ्ट सुटलेला माणूस रात्री उशिरा डबा ठेवून थेट वर येऊ शकतो, बँकवाला शनिवारी सकाळी कामावर जाऊ शकतो, आजीला जिना नाहीतर लिफ्ट एवढाच प्रवास. शिवाय पौर्णिमा आहे. नाशिकचा उन्हाळा दुपारी कितीही भाजला, पारा चाळिशीला टेकला, तरी रात्री आठनंतर वारा सुटतो आणि चंद्र वर आला की वेगळे दिवे लावायची गरज पडत नाही. जळगाव-भुसावळचे नातलग आले की त्यांना या वाऱ्याचंच अप्रूप जास्त.

अडचणी तीन. पहिली, स्लॅब. दिवसभर तापलेली फरशी रात्री नऊपर्यंत तळव्यांना चटका देते. संध्याकाळी सहाला पाण्याचा हात फिरवा आणि सतरंजीखाली जुनी गादी टाका. दुसरी अडचण, सोसायटीतले इतर. स्पीकर दहाला बंद, हे आधीच ठरवा, म्हणजे चेअरमनकाकांना वर यावं लागणार नाही.

तिसरी अडचण खास आपल्याकडची: वाळवणं. एप्रिल-मेमध्ये नाशकातली गच्ची रिकामी नसते. आमच्या इमारतीत कुरडयांचा दिवस ठरला की तीन दिवस आधीच गहू भिजलेले असतात. रोज पाणी बदलायचं, वाटून चोथा काढायचा, रात्रभर चीक बसू द्यायचा आणि पहाटे पाचला मोठ्या पातेल्यात तो हाटायला घ्यायचा. एक जण चाटू फिरवणार, दुसरी कड धरणार, कारण गुठळी झाली की सोऱ्यातून धागा तुटतो. उन्हं वर यायच्या आत प्लास्टिकच्या कागदावर पांढऱ्या चकत्यांच्या रांगा लागलेल्या असतात आणि पोरं वाटीत गरम चीक, वर साखर-तूप घेऊन जिन्यात बसलेली. हे दृश्य मला फार आवडतं, पण १ मेच्या सकाळी ‘सुट्टी आहेच तर उरकून घेऊ’ म्हणून हे काम काढणाऱ्या सासूबाई प्रत्येक इमारतीत असतात. त्यांना गोड बोलून शनिवारवर ढकला. नाहीतर संध्याकाळच्या पंगतीला गच्चीही नाही आणि कोणाच्या अंगात त्राणही नाही.

आता राबणार कोण? गच्चीचा बेत स्वस्त म्हणतात तो घरातल्या बायकांची मजुरी कोणी धरत नाही म्हणून. पंचवीस माणसांच्या पोळ्या घरी लाटायच्या असतील तर मी सरळ म्हणेन, गच्ची रद्द करा. पोळ्या-भाकरी पोळीभाजी केंद्रातून किंवा ओळखीच्या बचत गटाकडून घ्या, पण आठवडाभर आधी सांगा. लग्नसराईमुळे आचारी आणि पोळ्यावाल्या मावशी दोघांच्याही तारखा भरलेल्या असतात. भाजी एकच, मोठ्या पातेल्यात, शक्यतो पुरुषांनी करावी. गोड म्हणजे आमरस. १ मेला बाजारात कोकणचा हापूस असतो, गावरान आंब्यांना अजून अवकाश असतो. बागलाण-खानदेशाकडचं कोणी असेल तर खापरावरच्या मांड्यांची ऑर्डर देता येते. रसासोबत मांडे असले की मग दुसरं काही नसलं तरी कोणी तक्रार करत नाही.

मळा

गंगापूर-गिरणारे, मखमलाबाद, दिंडोरी या पट्ट्यात एका दिवसासाठी मळा किंवा फार्महाऊस मिळतं. ओळखीच्यांचं असेल तर उत्तमच. सकाळी जायचं, संध्याकाळी परत. सामाईक सुट्टी फक्त शुक्रवारची असेल तर माझा कौल डोळे मिटून याला. राबण्याचा भारही कमी, कारण बहुतेक ठिकाणी चुलीवरचं जेवण तिथलीच माणसं करून देतात आणि आपण फक्त ताटावर बसायचं.

तरी मळा ठरवताना लोक जे विचारत नाहीत ते विचारा. सावली किती आहे? द्राक्षबागेचे फोटो बघून भुलू नका. फोटो जानेवारी-फेब्रुवारीचे असतात, घड लगडलेले. काढणी मार्चपर्यंत आटोपते आणि एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. १ मेला तुम्हाला दिसणार ती छाटलेली खोडं, तारांचे मांडव आणि नुकती फुटलेली कोवळी पानं. त्याखाली सतरंजी टाकून बसता येत नाही. वर औषधाच्या फवारण्या चालू असतात, पोरांना बागेत सोडायलाही नको. आंब्याची, चिंचेची, निदान कडुनिंबाची दोन मोठी झाडं असलेला मळा बघा. स्वच्छतागृहं किती, हा दुसरा प्रश्न. तीस माणसांना एक असेल तर बायका दिवसभर पाणी पीत नाहीत आणि मग डोकेदुखीचं खापर उन्हावर फुटतं. तिसरा प्रश्न विजेचा: दुपारी गेली तर पंप आणि पंखे कशावर चालतात?

आणि शेततळं. यावर मी कडक आहे. द्राक्षपट्ट्यात जवळपास प्रत्येक मळ्यावर शेततळं असतं, आत प्लास्टिकचं अस्तर, उतार तिरपा. ओल्या प्लास्टिकवर पाय ठरत नाही, धरायला काही नसतं. पट्टीचा पोहणाराही आत गेला की वर चढता येत नाही. दर उन्हाळ्यात अशा बातम्या येतात. कुंपण नसेल, दोर किंवा शिडी सोडलेली नसेल तर मुलं घेऊन तो मळा घेऊच नका. ‘आम्ही लक्ष ठेवू’ म्हणणारे काका जेवणानंतर आडवे होतात. गंगापूर धरणाच्या फुगवट्यात उतरण्याचंही तेच. पाणी मागे हटलेलं असलं तरी गाळ फसवा असतो.

मित्रमंडळींचा बेत असेल तर आणखी एक गोष्ट. वाइनरीत जायचं ठरवणाऱ्यांनी १ मेला ड्राय डे धरूनच चालावं. शनिवारी जा. बागेची शोभा तेव्हाही नसेलच, पण निदान ज्यासाठी गेलात ते मिळेल. कुटुंबाचा आणि मित्रांचा बेत एकत्र करणाऱ्यांना तर शुक्रवारचा ड्राय डे सोयीचाच वाटेल, असं आमच्याकडच्या सगळ्या वहिनींचं मत आहे.

पैशांचं: मळा सहसा अख्खा भाड्याने मिळतो, रिसॉर्ट माणशी किंवा खोलीमागे. त्यामुळे डोकी वाढली की मळा स्वस्त होत जातो, रिसॉर्ट होत नाही. दहाच्या आत माणसं असतील तर मळ्याच्या नादी लागू नका. वीसच्या पुढे गेलात तर कॉन्ट्री काढूनही हिशोब बाहेरच्या हॉटेलातल्या जेवणाच्या आसपास बसतो.

भंडारदरा

नाशिकहून घोटी आणि तिथून बारी-शेंडीच्या रस्त्याने साधारण सत्तर किलोमीटर. जिल्हा अहिल्यानगर, तालुका अकोले, पण नाशिककरांना ते आपलंच वाटतं. इथे मुक्कामाशिवाय मजा नाही. दिवसा जाऊन परत येण्यात निम्मा वेळ गाडीत आणि उरलेला उन्हात जातो.

मेच्या सुरुवातीला काय नसतं ते आधी सांगते, कारण जाहिराती पावसाळ्याच्या फोटोंवर चालतात. धबधबे नसतात. रंधा धबधब्याला पाणी असेल तर ते धरणातून सोडलेलं. जलाशय बराच खाली गेलेला, काठाला तडकलेल्या मातीचा पट्टा. काजवे नसतात, ते मेच्या शेवटी, पहिल्या पावसाच्या चाहुलीला दिसायला लागतात. तंबूवाला ‘काजवे दिसतील’ म्हणाला तर त्याला तारीख विचारा. आणि पौर्णिमा असल्याने आकाशभर ताऱ्यांचीही आशा ठेवू नका.

मग असतं काय? रात्रीचा गारवा. रतनवाडीचं अमृतेश्वराचं मंदिर, गर्दी नसेल अशा वेळी सकाळी सातला गाठलं तर त्याच्या कोरीवकामासमोर तासभर सहज जातो. आणि कळसूबाई. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यांत उंच शिखर, पायथ्याचं गाव बारी. मेमध्ये चढायचं तर पहाटे अंधारातच निघायचं आणि उन्हं तापायच्या आत खाली. शेवटच्या टप्प्यातल्या लोखंडी शिड्या नऊनंतर हाताला पोळतात. चांदण्यात चढणारे ग्रुप पौर्णिमेला येतात, त्यामुळे शिडीपाशी रांग लागू शकते. वाटेत करवंदं मिळायला सुरुवात झालेली असते. रस्त्याकडेला बसलेल्या बायका पानाच्या द्रोणात देतात. आधी एक चाखून बघा, मेच्या पहिल्या आठवड्यात निम्मी आंबट असतात.

आता गंमत अशी की भंडारदरा सर्वांत सोयीचा पडतो तो शनिवार सुट्टीवाल्या कारखान्यातल्या माणसाला. तो गुरुवारी रात्री नाहीतर शुक्रवारी पहाटे निघाला आणि शनिवारी दुपारी परतला, तर रविवारच्या परतीच्या गर्दीत तो सापडतच नाही. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ला सुरू झाल्यापासून मुंबईकरांना कसाऱ्याचा घाट टाळून वर येता येतं, आणि जोडसुट्टीत त्यांचा पहिला थांबा इगतपुरी-भंडारदरा हाच. रविवारी संध्याकाळी घोटीच्या चौकात जो अडकतो त्याला सुट्टीचा शीण तिथेच चढतो. दोन दिवस सुट्टी असलेल्यांनी जावं, तीन दिवसवाल्यांनी रविवारी जेवणाची वाट न बघता सकाळी निघावं, आणि ज्यांच्याकडे बँकवाला आहे त्यांनी हा पर्याय सोडून द्यावा.

राबण्याच्या बाबतीत भंडारदरा उत्तम. मुक्कामाच्या ठिकाणीच जेवण, आपल्याला फक्त चहाची वेळ सांगायची. घरातली बाई खऱ्या अर्थाने मोकळी होते ती इथे, म्हणून खर्च जास्त असला तरी वर्षातून एकदा हा बेत करायला माझी हरकत नाही.

सापुतारा आणि वणीचा गड

सापुतारा नाशिकहून ऐंशीएक किलोमीटर, वणीमार्गे. तलाव, बोटी, रोप-वे, घाटातली हवा, मुलांना हवं ते सगळं. पण १ मेला जाऊ नका. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याची विभागणी होऊन महाराष्ट्र झाला तसा गुजरातही झाला. त्यांचाही स्थापना दिवस, पुढे शनिवार-रविवार, आणि सुरत-नवसारीकरांना सगळ्यांत जवळचं थंड हवेचं ठिकाण सापुताराच. एकाच तलावाभोवती दोन राज्यं गोळा होतात. बोटीच्या रांगेत उभं राहायला हौस असेल तर जा. मित्रांच्या टोळक्याला वेगळं सांगायला नको की सीमेपलीकडे दारूबंदी आहे.

गडाचं गणित निराळं. सप्तशृंगीला दर पौर्णिमेला गर्दी असते, त्यात सुट्टीची पौर्णिमा. ज्यांचा नेम आहे ते जाणारच, त्यांना मी कोण सांगणार? पण ‘सगळे आहोत तर आईचं दर्शन घेऊन येऊ’ असा बेत असेल तर शुक्रवार टाळून शनिवारी पहाटे निघा. वृद्धांसाठी २०१८पासून फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, त्यामुळे पाचशेच्या आसपास पायऱ्या चढायचा प्रश्न मिटतो. ट्रॉलीलाही रांग असते, पण ती सावलीत असते. सासूबाईंना हा एक दिवस दिला की त्या उरलेल्या दोन दिवसांच्या बेतात मोडता घालत नाहीत, हा व्यवहारी फायदा वेगळा.

गावी

निफाड, सिन्नर, कळवण, बागलाण, जिथे कुठे घर असेल तिथे. याबद्दल फार लिहीत नाही. उन्हाळ कांदा चाळीत भरायचा असेल तर ती सुट्टी नव्हे, मजुरांची टंचाई भरून काढणं आहे. गावात लग्न असेल तर तुमचा बेत गावानेच ठरवलेला आहे. दोन्ही नसेल आणि अंगणात खाट टाकून झोपता येत असेल तर वरचं सगळं विसरा आणि गावी जा.

नाशकातच राहायचं तर

पाहुणे येणार असतील तर त्यांना नाशिक बघायचं असतं, आपल्याला नाशिकबाहेर पडायचं असतं. इथे पाहुण्यांचं ऐका. सकाळी सातला मिसळ, तीही बारदान फाट्याकडे साधनाची किंवा मखमलाबाद-गंगापूर रोडवरच्या बागेतल्या एखाद्या ठिकाणची. नऊनंतर गेलात तर टोकन घेऊन झाडाखाली बसावं लागेल. दुपार घरात, पंख्याखाली. संध्याकाळी जुन्या नाशकात बुधा हलवाईची जिलेबी, रामकुंडावर चक्कर. सिंहस्थाच्या कामांसाठी जागोजागी खोदकाम आहे, तेव्हा गाडी लांब लावा आणि चाला.

सकाळचा एक बेत मात्र मी आवर्जून सुचवीन: पांडवलेणी, म्हणजे त्रिरश्मी लेणी. शुक्रवारी बुद्धपौर्णिमेमुळे पायथ्याच्या विहारात आणि वर मोठी गर्दी असेल. श्रद्धेने जाणाऱ्यांनी तेव्हाच जावं, निवांत बघणाऱ्यांनी शनिवारी सकाळी. दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. त्याने ३००० कार्षापण (त्या काळची नाणी) गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, कायमची ठेव म्हणून ठेवले: २००० एकीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, १००० दुसरीकडे शेकडा पाऊण व्याजाने. त्या व्याजातून लेण्यात राहणाऱ्या भिक्खूंच्या वस्त्रांचा आणि इतर किरकोळ खर्च चालायचा. गोवर्धन म्हणजे आपलं गंगापूर रोडवरचंच. राजाचा जावई आपला पैसा विणकरांच्या संघटनेवर विश्वासून ठेवतो आणि व्याजाचा दर दगडात कोरून ठेवतो, हे कामगार दिनाच्या जोडसुट्टीत मुलांना दाखवण्यासारखं नाही का? आमच्याकडच्या युनियनवाल्या काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘पाऊण टक्केवाली श्रेणी एक टक्क्यावर का नाही गेली?’

नाशकात राहण्याचा तोटा एकच. पाहुणे घरी म्हणजे चहा-पाणी, आंघोळी, टॉवेल, ‘रात्री काय करू?’ हे चक्र चालू राहतं. निदान दोन जेवणं बाहेर, हे पाहुणे यायच्या आधी जाहीर करा. आल्यावर सांगितलं की कंजूषपणा दिसतो, आधी सांगितलं की कार्यक्रम दिसतो.

मग ठरवायचं कसं

एकमेव सामाईक दिवस शुक्रवार आणि माणसं वीसच्या पुढे: मळा. सामाईक दिवस शुक्रवारच, पण माणसं दहा-बारा आणि त्यांत कोणी शिफ्टवाला: गच्ची, बाहेरच्या पोळ्यांसह. चार-पाच मित्र, सगळे शनिवार सुट्टीवाले: भंडारदरा, आजच फोन करा. लहान मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर शुक्रवारी संध्याकाळी गच्ची आणि शनिवारी पहाटे गड. या जोडीला तोड नाही. सापुतारा जूनमध्ये, पहिल्या पावसानंतर.

खर्चाच्या बाबतीत एक सांगते. अधिक महिन्यात जावयाला जेवायला बोलावणं आलंच, धोंडे-अनारसे आणि आहेरासकट. घरात नवा जावई असेल तर मे-जूनचा खर्च एकत्र धरा आणि १ मेला हात थोडा आखडता ठेवा. सुट्टीत रिसॉर्टवर नेऊन अधिकात साध्या टॉवेल-टोपीवर भागवलं, तर बोलून कोणी दाखवणार नाही, पण लक्षात राहतं.

गाडी भाड्याची असेल तर चालकाचं आधी ठरवा. मुक्कामाचा भत्ता, त्याच्या झोपण्याची सोय आणि १ मेचे जास्तीचे पैसे, हे भाडं बोलतानाच बोला. बहुतेक जण घासाघीस नेमकी यावरच करतात, कामगार दिनाच्या शुभेच्छा सकाळीच ग्रुपवर पाठवून झाल्यावर. दुचाकीवर निघणाऱ्या मित्रांनी लक्षात ठेवावं की समृद्धीवर दुचाकीला प्रवेश नाही, त्यांना जुन्या मुंबई महामार्गानेच जायचंय. पुण्याहून येणाऱ्यांना सांगून ठेवा, गुरुवारी संध्याकाळी निघालात तर चाकणलाच जेवायची वेळ होईल; शुक्रवारी पहाटे पाचला निघा, मिसळीला पोचता.